फिलिपिन्समधील स्पॅनिश राजवटीचा हिशेब अपुरा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फिलिपिन्सवर प्रसिद्ध झालेला दीर्घ लेख मी लक्षपूर्वक वाचला. मनिलातील तटबंदीचे जुने शहर, उत्तरेकडील इलोकोसमधील भक्कम चर्च आणि प्रशांत महासागर ओलांडून मेक्सिकोतील अकापुल्कोला जाणारी गलबते यांचे वर्णन लेखकाने मन लावून केले आहे, आणि या देशाविषयी मराठीत फार थोडे लिहिले जात असल्यामुळे त्याचे स्वागतच करायला हवे. परंतु स्पेनने या बेटांवर तलवारीपेक्षा क्रूसाच्या बळावर राज्य केले, विखुरलेल्या टोळ्यांना गावे, शाळा आणि धर्म दिला, आणि सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यात मात्र फारशी ढवळाढवळ केली नाही, असा जो सूर लेखाच्या उत्तरार्धात लागतो, तो मला मान्य नाही. १५६५ ते १८९८ या काळात सर्वाधिक बदलले ते रोजचे जगणेच. माणसाने कुठे राहायचे, वर्षातले किती दिवस दुसऱ्यासाठी राबायचे, शेतात काय लावायचे आणि ते शेत कोणाचे म्हणायचे, हे सारे या राजवटीने ठरवले. चर्चचे मनोरे प्रवाशाला दुरूनही दिसतात. कराच्या आणि वेठीच्या याद्या दिसत नाहीत. म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेतो.

मिगेल लोपेस दे लेगास्पी १५६५ मध्ये सेबू बेटावर उतरला तेव्हा किनाऱ्यांवर आणि नद्यांच्या मुखांशी बारांगाय नावाच्या वस्त्या होत्या. त्या सर्वसाधारणपणे तीस ते शंभर घरांच्या असत आणि प्रत्येकीवर एका दातूची म्हणजे प्रमुखाची सत्ता चाले. हा समाज समतेचा नव्हता, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. दातूच्या खाली स्वतंत्र माणसे होती आणि त्यांच्याखाली आलिपिन म्हणजे कर्जापायी, युद्धात पकडले गेल्यामुळे किंवा जन्मानेच बांधले गेलेले लोक होते. तरीही दातूचे बळ त्याच्यामागे किती माणसे उभी राहतात यावर अवलंबून असे, आणि जाच फार झाला तर स्वतंत्र माणसाला दुसऱ्या दातूचा आश्रय घेता येई. जमीन कसणाऱ्याची आणि वस्तीची समजली जाई. ती कागदावर लिहून विकण्याची वस्तू सहसा नव्हती. चिनी व्यापारी नियमित येत, बोर्निओ आणि मलाक्काशी देवघेव चाले, आणि १५७१ मध्ये स्पॅनिशांनी राजधानीसाठी निवडलेले मनिला हे आधीपासूनच राजा सुलायमान याच्या अमलाखालचे गजबजलेले बंदर होते. विखुरलेल्या टोळ्या या शब्दांत या जगाची बोळवण करणे योग्य नाही.

विखुरलेपण होते ते घरांचे, आणि तेच नव्या सत्तेला नडले. शेताजवळ, ओढ्याकाठी, डोंगरउतारावर पांगलेल्या माणसांना बाप्तिस्मा देणेही अवघड होते आणि त्यांच्याकडून कर वसूल करणेही. म्हणून त्यांना एका जागी आणून वसवण्याचे जे धोरण स्पेनने अमेरिकेत राबवले होते, तेच इथेही आले. मध्यभागी चौक, त्याच्या एका अंगाला दगडी चर्च आणि पाद्र्यांचे निवासस्थान, समोर किंवा बाजूला कचेरी, प्रतिष्ठितांची घरे चौकाला लागून आणि बाकीच्यांची काटकोनातल्या गल्ल्यांत, असा गावाचा साचा ठरून गेला. चर्चच्या घंटेचा आवाज जिथवर पोहोचतो तिथवर राहणारा माणूस हा सुसंस्कृत प्रजाजन, आणि त्यापलीकडे राहणारा रानटी किंवा पळपुटा, अशी विभागणी त्यातूनच रूढ झाली. लोक मुकाट्याने येऊन राहिले असे मात्र घडले नाही. अनेक जण सणावारी आणि मिस्सेला गावात येत आणि पुन्हा शेतावरच्या झोपडीत परतत. काही जण सरळ डोंगरात निघून जात. पाद्र्यांच्या पत्रव्यवहारात याविषयीची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या संपलेली दिसत नाही.

घंटेच्या टापूत आलेल्या माणसाची पहिली ओळख करदाता ही होती. सुरुवातीला एका कुटुंबामागे वर्षाला ८ रेआल (स्पॅनिश चांदीची नाणी) कर होता, तो १५८९ मध्ये १० रेआल झाला आणि पुढे आणखी वाढला. एन्कोमिएन्दा या पद्धतीप्रमाणे एखाद्या स्पॅनिश सैनिकाला ठरावीक लोकवस्तीकडून तो वसूल करण्याचा अधिकार मिळे. मोबदल्यात त्याने त्या लोकांचे रक्षण करावे आणि त्यांना धर्म शिकवण्याची सोय लावावी, अशी अपेक्षा होती. रक्षणाचे आणि शिकवणीचे काय झाले हे सांगायला फिलिपिनो इतिहासकारांचीही गरज नाही. मनिलाचा पहिला बिशप दोमिंगो दे सालासार याने १५८३ मध्ये राजाला पाठवलेल्या वृत्तान्तात वसुलीतील जुलमाची तपशीलवार तक्रार केली आहे. कर कधी तांदळात, कधी कापडात, कधी सोन्यात घ्यायचा हे वसूल करणाराच ठरवी, आणि जी वस्तू त्या वर्षी महाग असेल तीच तो नेमकी मागे. पंपांगा प्रांतातील माणसे इलोकोसच्या खाणींत नेल्यामुळे पेरणी झाली नाही आणि उपासमारीने माणसे मेली, असेही त्याने लिहिले आहे. स्पॅनिशांमध्येही अशी तक्रार करणारे होते, हे त्या राजवटीच्या बाजूने नोंदवायला मला आनंदच वाटतो. पण तक्रारी पोहोचायला वर्ष-दोन वर्षे लागत, त्यांवरचे हुकूम परत यायला तितकीच, आणि तोवर वसुली थांबत नसे.

या सगळ्यात दातूचे जे झाले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्पॅनिश माणसे या बेटांवर नेहमीच मूठभर होती आणि बहुतेक मनिलाच्या तटाआडच राहत. कित्येक गावांतून पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला एकमेव स्पॅनिश माणूस म्हणजे तिथला पाद्री. अशा राज्याचा गाडा स्थानिक प्रमुखांना जुंपल्याशिवाय चालणे शक्यच नव्हते. दातूंना कर आणि वेठ यांतून सूट मिळाली, नावामागे 'दोन' (डॉन) ही सन्मानाची उपाधी लागली, आणि त्यांना काबेसा दे बारांगाय म्हणजे पन्नासएक कुटुंबांचा वसुली प्रमुख करण्यात आले. कोणी पळून गेला किंवा मेला तर त्याचा कर प्रमुखाने पदरमोड करून भरायचा. न भरला तर त्याच्या मालमत्तेवर टाच येई. काल जो आपल्या माणसांच्या बळावर उभा होता, तो आता सरकारच्या बळावर आपल्याच माणसांसमोर उभा राहिला. त्यातले काही हुशारीने श्रीमंत झाले, काही बुडाले. पण वस्ती आणि प्रमुख यांच्यातले जुने नाते मात्र मोडले. आज फिलिपिन्सच्या राजकारणात ठरावीक घराण्यांची जी पकड दिसते, तिची एक मुळी इथे सापडते.

करापेक्षाही जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे पोलो, म्हणजे सक्तीची वेठ. सोळा ते साठ वर्षांच्या पुरुषाने वर्षाला ४० दिवस सरकारी कामावर राबायचे, असा नियम होता आणि तो १८८४ पर्यंत चालला. त्या वर्षी दिवस १५ वर आले. कायद्याप्रमाणे मजुरी आणि तांदूळ देय होता, पेरणी-कापणीच्या दिवसांत माणसे न्यायची नव्हती, फार दूर न्यायची नव्हती. प्रत्यक्षात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डच आरमाराशी लढाई जुंपलेली असताना हे सर्व नियम गुंडाळून ठेवले गेले. ज्या गलबतांचे कौतुक लेखात आले आहे, ती मनिलाजवळील काविते आणि इतर ठिकाणच्या गोद्यांत याच वेठीवर बांधली जात. हेर्नान्दो दे लोस रिओस कोरोनेल हा बेटांचा प्रतिनिधी म्हणून माद्रिदला गेलेला माणूस. त्याने दिलेला तपशील असा की एका गलबताच्या डोलकाठ्यांसाठी तोडलेली झाडे डोंगरांतून खाली ओढून आणायला ६,००० माणसांना तीन महिने लागले. या माणसांची मजुरी सरकारी तिजोरीतून निघाली नाही. ज्या गावांतून माणसे नेली त्या गावांनीच वर्गणी काढून ती दिली, आणि खायला कोणी काही दिले नाही. एका जहाजाच्या डोलकाठ्यांचा हा हिशेब आहे. लाकूडतोडीवर गेलेल्याच्या शेतात त्या हंगामात काय उगवले असेल, याची कल्पना कोणत्याही शेतकरी कुटुंबातील वाचकाला सहज येईल.

ज्याला परवडे तो 'फाया' नावाची रक्कम भरून वेठीतून सुटे, म्हणजे सगळा भार गरिबावर येई. शिवाय बांदाला ही सक्तीची खरेदी होती: सरकार ठरवील त्या भावाने ठरावीक तांदूळ द्यायचा आणि पैशांऐवजी बहुधा वचनचिठ्ठी घ्यायची. पंपांगातील लाकूडतोड्यांना आठ महिने राबवूनही मजुरी मिळाली नाही आणि तांदळाची थकबाकी २ लाख पेसोंच्या घरात गेली, तेव्हा १६६० मध्ये फ्रान्सिस्को मानियागो याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. गव्हर्नरने १४ हजार पेसो हातावर ठेवून तो शमवला. त्याआधी १६४९ मध्ये समार बेटावरील माणसांना काविते येथील गोदीत पाठवण्याचा हुकूम निघाला आणि पालापाग गावात सुमुरोयने बंड केले, ते शेजारच्या बेटांवरही पसरले. बोहोल बेटावर फ्रान्सिस्को दागोहोय याच्या मृत भावाला ख्रिस्ती दफन द्यायला पाद्र्याने नकार दिला आणि तिथून १७४४ मध्ये सुरू झालेला लढा १८२९ पर्यंत, म्हणजे ८५ वर्षे, चालू राहिला. हजारो माणसे एवढा काळ डोंगरात कर न भरता, वेठ न करता स्वतंत्रपणे राहिली. १७६२ मध्ये ब्रिटिशांनी मनिला घेतले तेव्हा इलोकोसमध्ये दिएगो सिलांग उभा राहिला, आणि त्याचीही मागणी कर आणि वेठ यांच्याविरुद्धच होती. त्याचा खून झाल्यावर त्याची पत्नी गाब्रिएला हिने लढा चालवला आणि १७६३ मध्ये तिला फाशी देण्यात आले. (त्या ब्रिटिश मोहिमेचे आरमार मद्रासहून निघाले होते आणि त्यातील काही हिंदी शिपाई मनिलाजवळच्या कायिन्ता गावात कायमचे राहिले, ही आपल्या वाचकांना ठाऊक नसण्याची शक्यता असलेली गोष्ट जाता जाता नोंदवतो.) क्रूसाने शांतपणे राज्य केले, या विधानापुढे ही बंडांची मालिका ठेवून पाहावी. त्यांतली काही धर्मावरून पेटली. पण दर वेळी खाली कर, वेठ किंवा जमीन हेच सरपण होते.

गलबतांविषयी थोडेच लिहितो, कारण लेखात ते सविस्तर आले आहे. १५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता याने परतीचा समुद्रमार्ग शोधल्यापासून १८१५ पर्यंत अडीचशे वर्षे मनिला आणि अकापुल्को यांच्यात जहाजे धावली. चिनी रेशीम आणि भांडी तिकडे गेली, मेक्सिकोची चांदी इकडे आली. पण त्यात फिलिपिनो शेतकऱ्याच्या मालाला जवळजवळ स्थान नव्हते. मनिलातील स्पॅनिशांना जहाजावरील जागेचे परवाने मिळत, माल चिनी व्यापारी आणत, नफा त्या दोघांत आणि धर्मसंस्थांत वाटला जाई, आणि बेटांतील शेतीत पैसा घालण्याची गरजच कोणाला भासत नसे. ज्या चिनी लोकांवर हा व्यापार उभा होता त्यांना तटाबाहेर पारियान या वेगळ्या वस्तीत कोंडून ठेवले होते, आणि १६०३ मध्ये त्यांची सरसकट कत्तल झाली. काही अंदाजांप्रमाणे तिच्यात २० हजारांच्या आसपास माणसे मेली. जहाजांतून आलेली मका, रताळी, तंबाखू, पपई, अननस, कोको ही पिके मात्र खरोखरच झोपडीपर्यंत पोहोचली. सेबूमध्ये आजही अनेक घरांत भाताऐवजी मक्याच्या कण्या शिजतात, आणि भाताचे पीक बुडालेल्या वर्षी रताळ्यांनी माणसे तगवली.

धर्माविषयी लेखकाशी माझा मतभेद वेगळ्या प्रकारचा आहे. स्पेनने धर्म दिला या वाक्यात देणारा दिसतो, घेणारा दिसत नाही. आणि घेणाऱ्यांनी जे केले ते फार देखणे आहे. पनाय बेटावरील मियागाव येथील चर्च १७९७ मध्ये पूर्ण झाले आणि १९९३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर कोरलेला आहे. युरोपातील चित्रांत त्याच्या हातात काठी असते; इथल्या पाथरवटाने त्याला नारळाचे झाड धरायला दिले आहे आणि भोवती पपई व पेरू यांची झाडे कोरली आहेत. याच इमारतीच्या भिंती एवढ्या जाड आहेत, कारण दक्षिणेकडून येणाऱ्या समुद्री हल्लेखोरांपासून बचावासाठी गावकरी तिथे आश्रय घेत. ते चर्च बांधणारे हातही वेठीचेच होते, आणि तरीही त्यांनी त्या भिंतीवर स्वतःचे जग ठेवून दिले. सेबूमधील बाळ येशूच्या मूर्तीची कथाही अशीच आहे. १५२१ मध्ये स्पेनसाठी आलेला दर्यावर्दी मॅगेलन याच्या भेटीच्या वेळी ती तिथल्या राणीला देण्यात आली. त्यानंतर मॅगेलन माक्तानच्या किनाऱ्यावर मारला गेला, स्पॅनिश निघून गेले, आणि १५६५ मध्ये ती एका घरात जपून ठेवलेली सापडली. मधली ४४ वर्षे पाद्री नव्हता, चर्च नव्हते. मूर्ती लोकांनीच आपल्या पद्धतीने सांभाळली होती.

या देवाणघेवाणीत गमावलेलेही पुष्कळ आहे. बाबायलान म्हणजे रोग्याला बरे करणाऱ्या, देवतांशी बोलणाऱ्या, पेरणीचे विधी करणाऱ्या पुरोहित बहुतांशी स्त्रिया होत्या. पाद्र्यांनी त्यांना चेटकिणी ठरवले, त्यांची पूजासाधने जाळली, आणि गावातील धार्मिक अधिकार पूर्णपणे परक्या पुरुषांकडे गेला. त्यापूर्वी स्त्रीला मालमत्तेत वाटा होता आणि न पटणारे लग्न मोडता येई. नव्या धर्मशास्त्राने घटस्फोटाची वाट बंद केली. (आज फिलिपिन्समध्ये मुस्लिम वगळता इतरांना घटस्फोटाचा कायदा उपलब्ध नाही, त्याचा दोष मात्र थेट स्पेनवर टाकता येणार नाही, अमेरिकन काळात असा कायदा होता आणि तो स्वतंत्र फिलिपिन्सच्या १९५० च्या नागरी संहितेत गळाला.) बायबायिन ही लिपी सुरुवातीला पाद्र्यांनीही वापरली. मनिलात १५९३ मध्ये छापलेल्या धर्मशिकवणीच्या पुस्तकात ती दिसते. परंतु पुढे रोमन लिपीचा वापर वाढला, तशी ती मैदानी प्रदेशातून नाहीशी झाली आणि मिंदोरोच्या मांग्यान व पालावानच्या ताग्बान्वा या डोंगराळ लोकांतच तग धरून राहिली. ते लोक घंटेच्या टापूबाहेर होते, हे लक्षात घ्यावे.

शाळांचा उल्लेख लेखात गौरवाने आला आहे. सांतो तोमास विद्यापीठाची स्थापना १६११ ची आहे हे खरे. पण ते दीर्घकाळ स्पॅनिशांसाठीच होते, आणि प्रत्येक गावात मुलांची एक व मुलींची एक प्राथमिक शाळा असावी असा राजाचा हुकूम निघाला तो १८६३ मध्ये, म्हणजे राजवट सुरू होऊन जवळजवळ तीनशे वर्षे झाल्यावर. पाद्री स्थानिक भाषा शिकले, त्यांची व्याकरणे आणि कोश त्यांनी तयार केले, आणि हे काम अमोल आहे; परंतु स्पॅनिश भाषा लोकांच्या हाती पडू नये यात त्यांचा स्वार्थही होता, कारण दुभाषाची जागाच त्यांच्या सत्तेचे मूळ होती. शिकून पाद्री झालेल्या फिलिपिनो माणसालाही धर्मसंघांची दारे बंद असत. आपोलिनारिओ दे ला क्रूस या धर्मनिष्ठ तरुणाला केवळ देशी म्हणून संघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्याने देशी लोकांचा स्वतंत्र भक्तिसंघ काढला. १८४१ मध्ये सैन्य पाठवून तो चिरडण्यात आला आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १८७२ मध्ये गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन देशी पाद्र्यांना काविते येथील शिपायांच्या बंडाचे निमित्त करून मनिलात जाहीरपणे गळा आवळून मारले. धर्म दिला असे म्हणताना ही तीन नावे वगळता येत नाहीत.

सत्ता घरात किती आत शिरली होती याचे एक उदाहरण १८४९ चे आहे. बाप्तिस्म्यानंतर असंख्य कुटुंबांनी दे ला क्रूस, दे लोस सांतोस अशी तीच ती धार्मिक आडनावे घेतली होती आणि एकाच घरातील भाऊही वेगवेगळी नावे लावत, त्यामुळे कराच्या याद्या जुळत नव्हत्या. गव्हर्नर नार्सिसो क्लाव्हेरिया याने आडनावांची एक मोठी वर्णानुक्रमे यादी छापवली, तिची पाने प्रांतोप्रांती पाठवली आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाने तीतून एक नाव उचलावे असे फर्मावले. एखाद्या गावाच्या वाट्याला एकाच अक्षराची पाने आली, तर तिथे सारी घरे त्याच अक्षराची झाली. आल्बाय प्रांतातील ओआस गावात 'र'ने सुरू होणारी आडनावे आजही जागोजाग आढळतात. याच गव्हर्नरने १८४४ चा ३१ डिसेंबर दिनदर्शिकेतून वगळला, कारण मेक्सिकोमार्गे कारभार चालत आल्यामुळे मनिलाची तारीख आशियाच्या एक दिवस मागे होती. सोमवारी झोपलेली बेटे बुधवारी उठली.

एकोणिसाव्या शतकात वेठीचे रूप बदलले आणि पिकांची सक्ती आली. १७८२ पासून १८८२ पर्यंत लुझॉन या मुख्य बेटावर तंबाखूचा मक्ता सरकारकडे होता. कागायान खोऱ्यात शेतकऱ्याने दरवर्षी ४,००० रोपे लावलीच पाहिजेत, जमीन योग्य असो वा नसो. तयार पान सरकारलाच आणि सरकारी भावानेच विकायचे. स्वतः ओढण्यासाठी चार पाने ठेवली तरी झडतीत सापडल्यास दंड. कित्येक वर्षे पैशांऐवजी कागदी पावत्या दिल्या गेल्या, आणि गरजू शेतकरी त्या मिळेल त्या किमतीला सावकाराच्या हवाली करत. या मक्त्याने स्पॅनिश खजिना भरला, मनिलातील कारखान्यांत हजारो स्त्रियांना विड्या-सिगार वळण्याचे काम मिळाले, आणि पिकवणारा मात्र भाताला महाग झाला. प्रांताचा स्पॅनिश अधिकारीच १८४४ पर्यंत परवाना घेऊन व्यापार करू शकत असे, ही बाबही विसरू नये. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच गिऱ्हाईक आणि तोच दुकानदार होता.

मनिला बंदर १८३४ मध्ये परकीय व्यापाराला औपचारिकरीत्या खुले झाल्यावर साखर, अबाका (दोरखंडासाठीचा तंतू) आणि तंबाखू यांना जगाची बाजारपेठ मिळाली, आणि तेव्हापासून खरा झगडा जमिनीचा झाला. मनिलाभोवतालच्या प्रांतांत धर्मसंघांकडे आधीच मोठमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. काही सुरुवातीच्या स्पॅनिश मालकांकडून विकत किंवा दानात आलेल्या, काही हद्दी सरकवून वाढवलेल्या. १७४५ मध्ये याच कारणावरून काविते, लागुना आणि बातांगास या भागांत शेतकऱ्यांनी उठाव केला होता आणि सरकारी चौकशीत त्यांच्या तक्रारींत तथ्य आढळले होते. पुढे शतकभराने नेग्रोस बेटावर साखरेचे मळे उभे राहिले, त्यांवर शेजारच्या पनाय बेटावरून हंगामी मजूर आणले जाऊ लागले, आणि स्वस्त ब्रिटिश कापड आल्यावर इलोइलोच्या मागांवरच्या बायकांचा धंदा बसला. ज्यांच्याकडे कागद करण्याइतके शिक्षण आणि ओळख होती, त्या प्रमुखांच्या व चिनी-फिलिपिनो व्यापाऱ्यांच्या घराण्यांकडे कर्जात अडकलेली शेते जात राहिली. १८९४ च्या कायद्याने तर एका वर्षात मालकी नोंदवा, नाहीतर हक्क गमवा, असा दंडक घातला. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला त्याची वार्ताही लागली नाही आणि दुसऱ्याने त्याची जमीन आपल्या नावावर चढवली, असे प्रकार सर्रास झाले.

फिलिपिन्सचे राष्ट्रीय नायक मानले जाणारे लेखक होसे रिसाल यांचे कुटुंब कालाम्बा येथे दोमिनिकन संघाच्या जमिनीचे खंडकरी होते. खंड वाढत गेला, तक्रारीचा अर्ज झाला, खटला झाला, आणि १८९०-९१ मध्ये सैन्याच्या बळावर गावातील कुटुंबांना, त्यांत रिसाल यांच्या नातलगांनाही, घराबाहेर काढण्यात आले. पाच वर्षांनी, ३० डिसेंबर १८९६ रोजी रिसाल यांना मनिलात गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी आंद्रेस बोनिफासिओ यांच्या कातिपुनान संघटनेने पुकारलेल्या क्रांतीने सर्वांत जोर धरला तो काविते प्रांतात, म्हणजे धर्मसंघांच्या जमीनदाऱ्या जिथे दाटलेल्या होत्या तिथेच. लेखात या क्रांतीचे वर्णन स्वातंत्र्याच्या युरोपीय कल्पनांचा परिणाम असे केले आहे. त्या कल्पना होत्याच. पण काविते येथील खंडकऱ्याला खंडाची पावती त्याहून आधी वाचता येत होती.

लेखकाच्या नकाशात एक दुरुस्तीही हवी. संपूर्ण द्वीपसमूह स्पेनच्या ताब्यात होता असे दाखवले आहे. प्रत्यक्षात उत्तर लुझॉनच्या पर्वतराजीतील इगोरोत लोक आणि मिंडानाव व सुलूमधील मुस्लिम सुलतानती यांच्यावर स्पेनचा अंमल कधीच पक्का बसला नाही. सुलूची राजधानी होलो हाती आली ती १८७६ मध्ये, आणि तीही तटबंदीपुरतीच. ख्रिस्ती मैदानी लोक आणि हे लोक यांच्यातील अविश्वासाची आजची दरी याच सरहद्दीवर खोल झाली.

१२ जून १८९८ रोजी क्रांतीचे नेते एमिलिओ आगिनाल्दो यांनी काविते प्रांतातील कावित गावी स्वातंत्र्य घोषित केले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसच्या तहान्वये स्पेनने ही बेटे २ कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केली. अमेरिकनांनी धर्मसंघांच्या सुमारे १ लाख ६६ हजार हेक्टर जमिनी ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजून विकत घेतल्या, परंतु त्या फेरविक्रीत बहुतांश कसणाऱ्याला परवडणाऱ्या नव्हत्या आणि मोठे तुकडे पुन्हा ऐपतदारांकडे गेले. तंबाखूचा मक्ता संपताना १८८१ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश कंपनीची तारलाक प्रांतातील लुइसिता ही साखरेची जमीनदारी १९५० च्या दशकाच्या अखेरीस एका फिलिपिनो घराण्याकडे आली. ती शेतमजुरांना वाटून द्यावी हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय अंतिम व्हायला २०१२ साल उजाडले. आपण हा विषय पुढे नेणार असाल, तर दुसरा लेख चर्चऐवजी अशा एखाद्या जमिनीच्या इतिहासावर लिहून घ्यावा आणि नकाशातील वर दाखवलेली चूक पुढील अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक